अंड्यांना ऐकू येतं

तिसरीला शिकवणाऱ्या बाईंना सगळं गाव तोफबाई म्हणायचं. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती? बाई आपल्या वर्गात "गप्प बसा!" म्हणाल्या की शेजारचा दुसरीचा वर्ग गप्प बसायचा, वरच्या मजल्यावरची चौथीची पोरं हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवायची, आणि रस्त्यापलीकडच्या सलूनमधला न्हावी, जो बाईंचाच जुना विद्यार्थी, गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून क्षणभर ताठ उभा राहायचा. बाईंनी उभ्या जन्मात छडी हातात धरली नाही. गरजच पडली नाही. त्यांच्या हाताखालून गेलेली आणि आता टक्कल पडलेली माणसंसुद्धा बाजारात बाई दिसल्या की हातातली पिशवी पाठीमागे लपवायची, पिशवीत नुसता कोबी असला तरी.

घरीही त्या आवाजाला सुट्टी नव्हती. बाई आपल्या थोरल्या बहिणीबरोबर राहायच्या. ताईंना कमी ऐकू यायचं, पण तसं म्हणायची सोय नव्हती. "मला सगळं नीट ऐकू येतं, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात," असं ताईंचं ठाम मत होतं. बाईंनी कानाचं यंत्र आणून दिलं, तर ताईंनी ते शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर ठेवून दिलं. त्यामुळे दिवसा वर्गावर आणि संध्याकाळी ताईंवर असा बाईंचा घसा दोन पाळ्यांत चालायचा.

तर असा हा घसा एक दिवस बसला. बसला म्हणजे कसा? "गप्प" एवढं निघालं आणि "बसा" निघालंच नाही. गुळण्या झाल्या, काढे झाले, शेवटी डॉक्टर झाला. हा डॉक्टरही बाईंचाच विद्यार्थी, एकेकाळी बडबड करतो म्हणून बाकावर उभा राहिलेला. त्याने बाईंना खुर्चीत बसवलं, आ करायला लावला, छोट्या आरशाने आत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाई, आत गाठी आल्यात. आता ओरडणं बंद. अगदी बंद. यापुढे एकदा जरी ताणून ओरडलात ना, तर आवाज कायमचा जाईल."

"अरे, पण वर्गात..."

"गप्प बसा!" डॉक्टर म्हणाला, आणि स्वतःच खुर्चीतून उठून उभा राहिला. "म्हणजे... चुकलो, बाई. पण खरंच गप्प बसा." इतकी वर्षं मनात दाबून ठेवलेलं वाक्य शेवटी बाहेर पडलं, आणि बिचाऱ्याला त्याची मजाही घेता आली नाही.

बाई घरी आल्या त्या हादरूनच. निवृत्तीला एक सत्र तेवढं उरलं होतं. कुणी गणितात हुशार असतं, कुणी चित्रं छान काढतं. बाईंपाशी तो एक आवाज होता आणि त्याच्यावर सगळी नोकरी निभावली होती. तो गेला तर फळ्याशेजारी उभी राहणारी ही बाई कोण? त्यापेक्षा कपाट बरं, त्यात निदान खडू तरी असतात. त्यांनी घशाचं कुणाला सांगितलं नाही, ताईंनाही नाही. सांगणार तरी कशा? ताईंना ऐकवायचं म्हणजे ओरडायला हवं.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात हळू आवाजात बोलल्या. पोरांना आधी वाटलं, वादळ येणार आहे, म्हणून सगळी बाकाखाली डोकी घालून बसली. वादळ आलं नाही. मग एकाने पेन्सिल फेकून पाहिली. मग दुसऱ्याने दप्तर. आठवडा संपायच्या आत तिसरीच्या वर्गाने शाळा डोक्यावर घेतली, आणि बाईंच्या नाकीनऊ आले.

नेमकं याच वेळी मुख्याध्यापकांच्या मनाने घेतलं, की प्रत्येक वर्गाने एक सजीव पाळून त्याचं निरीक्षण करावं. पहिलीने वाटीत मूग भिजत घातले. चौथीने बरणीत मासा आणला. दुसरीने गोगलगाय आणली, ती पहिल्याच दिवशी हरवली, आणि तेव्हापासून दुसरीत सगळे पाय उचलून उचलून चालायचे. तिसरीसाठी काही उरलंच नव्हतं. तेव्हा गावाबाहेर कोंबड्या पाळणारा एक जण, तोही बाईंचाच विद्यार्थी, टोपलीत अंडी घेऊन आला.

"तीन आठवडे ऊब द्यायची, बाई," तो दारातच उभा राहून म्हणाला. "दिवसातून काही वेळा उलटी करायची. शेवटी शेवटी हात लावायचा नाही. मी आत येऊ?"

"ये," बाई हळूच म्हणाल्या. त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून तो तसाच उन्हात उभा राहिला.

थर्मोकोलचं खोकं, त्यात एक बल्ब, पाण्याची वाटी, तापमापक आणि झाकणाला काच, असा सगळा थाट फळ्याखालच्या टेबलावर मांडला गेला. अंडी उलटी केली की नाही ते कळावं म्हणून दोन्ही बाजूंना खूण करायची होती. बाईंच्या हाताला एकच सवय. त्यांनी लाल पेन काढलं, प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला "बरोबर"ची खूण केली आणि दुसऱ्या बाजूला फुली मारली. झालं! वर्गात हलकल्लोळ माजला.

"बाई, त्यानं अजून काही केलंच नाही, मग चूक कसं?" पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"दुपारी बरोबर होणार आहे ते," बाई म्हणाल्या.

"पण सकाळभर त्याला वाईट वाटेल ना!"

पोरं बाकांवर चढली, टेबलाभोवती गर्दी झाली, खोकं हिंदकळलं. या सगळ्या कोलाहलाच्या वर एक आवाज होता. तो भोंग्याचा. भोंगा म्हणजे गिरणीवाल्याची मुलगी. घराच्या खालच्या मजल्यावर पिठाची गिरणी, ती दिवसभर घरघरत असायची, आणि त्या घरात "मीठ दे" म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून म्हणावं लागायचं. पोर बोलायला शिकली तीच तशी. बाकी मनाने लोण्याची. पण तिने हजेरीला "हजर" म्हटलं की खिडकीची काच थरथरायची. घराबाहेर पाऊल टाकल्यापासून तिने जगाकडून एकच शब्द ऐकला होता: हळू. हळू बोल, अगं हळू, हळू ना जरा. तिलाही हळू बोलायचं असायचं हो, पण जमायचं नाही.

"बाई, याच्या आत खरंच पिल्लू आहे का?" भोंग्याने विचारलं, आणि खोक्यातला तापमापक घरंगळला.

बाईंचा घसा चिरत होता, अंडी हिंदकळत होती, आणि त्या क्षणी बाईंच्या तोंडून निघून गेलं, "शू! ऐकू येतं त्यांना. फार आवाज झाला तर पिल्लं घाबरतात, आणि मग बाहेर येतच नाहीत."

पहिल्या बाकाने हे ऐकलं आणि दुसऱ्याला सांगितलं. दुसऱ्याने तिसऱ्याला. शेवटच्या बाकापर्यंत बातमी पोचली तेव्हा वर्गात अशी शांतता झाली, की बाईंना तोफेच्या भर दिवसांतही ती कधी मिळाली नव्हती. बल्बची बारीक गुणगुण ऐकू येऊ लागली. बाईंना लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर लाजेपेक्षा बरंच जास्त बरं वाटलं. ज्यांनी घसा बसलेला असताना तिसरीचा वर्ग सांभाळलेला नाही, त्यांनी बाईंना नावं ठेवू नयेत.

खोटं पचलं. इतकं पचलं की अंगलट यायला लागलं. मधल्या सुट्टीत तिसरीच्या पोरांनी ही गोष्ट शाळाभर केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घंटेचा आवाज झाला नाही. शिपाईमामांनी टोलाला फडकं गुंडाळलं होतं. टोल हाणल्यावर ते स्वतः वर्गावर्गात जाऊन दारातून डोकं आत घालायचे आणि भुवया उडवायचे. एकदा भुवया म्हणजे तास संपला, दोनदा म्हणजे मधली सुट्टी. शाळा सुटली हे सांगायला ते हसायचे, आणि मामा एरवी कधीच हसत नसल्यामुळे पोरं चटकन ओळखायची.

प्रार्थनेला सगळी शाळा नुसते ओठ हलवू लागली. खेळाचे सर शिट्टीऐवजी रुमाल फडकवायचे, आणि हरलेला संघ मैदानाच्या कडेला बसून आवाज न करता रडायचा. मुख्याध्यापकांचे बूट करकरायचे. चष्मेवाली त्यांच्यासमोर जाऊन काही न बोलता बुटांकडे बघत राहिली, आणि ते मुकाट्याने मोज्यांवर आले. एके दिवशी अचानक तपासणीस आले. दारात मामांनी ओठांवर बोट ठेवलं, मोज्यांवरचे मुख्याध्यापक चवड्यांवर चालत सामोरे आले, आणि तपासणीसांनी कारण न विचारता आपली चप्पल काढून हातात घेतली. सगळी तपासणी कुजबुजत झाली. जाताना ते बाईंच्या कानाशी येऊन म्हणाले, "इतकी शिस्त मी कुठं बघितली नाही. कुणी वारलंय का?"

घरी मात्र आनंदच होता. बाई बोलत नाहीत म्हणजे रागावल्या आहेत, असं ताईंनी ठरवून टाकलं आणि त्या रुसल्या. "माझं काय चुकलं ते तरी सांग!" त्या म्हणायच्या. बाई सांगायच्या, पण हळू. ताई म्हणायच्या, "बघ, अजून बोलत नाहीस!" आणि भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

पण या सगळ्या नाटकात मनापासून शिरली ती भोंगा. बाकीची पोरं शाळेपुरती गप्प. ही चोवीस तास गप्प. आपला आवाज सगळ्यांत मोठा, म्हणजे पिल्लांना धोका सगळ्यांत जास्त आपल्यापासून, असा तिने सरळ हिशोब केला होता. हजेरीला ती नुसता हात वर करायची. अंडी उलटायची पाळी आली की श्वास रोखून उलटायची, "चूक"वरून "बरोबर"वर, आणि गालातल्या गालात हसायची. तिची आई एकदा शाळेत येऊन म्हणाली, "बाई, तुम्ही काय जादू केलीत? घरी नुसते ओठ हलवते. छान वाटतं, पण गिरणीच्या आवाजात आम्हाला काही कळत नाही. परवा जेवायचीच राहिली."

बाईंना तेव्हाच बोलायला हवं होतं. त्या बोलल्या नाहीत. अजून थोडे दिवस, घसा जरा बरा होऊ दे, पिल्लं निघाली की आपोआप मिटेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

मग तो दिवस आला. अंड्यांना आता हात लावायचा नव्हता. पोरं गणितं सोडवत होती. भोंगा पाणी भरायला टेबलापाशी गेली होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत एक अंडं हललं. आपोआप. इकडून तिकडे, अगदी इवलंसं.

"हललंऽऽऽ!"

तीन आठवडे साठवलेला आवाज होता तो. आनंदाचा होता. काच थरथरली, फळ्याच्या कडेवरचे खडू खाली आले, चौथीच्या माशाने म्हणे बरणीत उडी मारली. आणि पाठोपाठ वर्गात परत ती भयाण शांतता झाली. सगळ्यांनी खोक्यात पाहिलं. अंडी निपचित पडली होती. एकही हलेना. मग सगळ्यांनी भोंग्याकडे पाहिलं. भोंग्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

पिल्लं निघायचा दिवस कोरडा गेला. अंडीवाला येऊन बघून गेला. तो डोकं खाजवत म्हणाला, "उशीर होतो कधी कधी, बाई. आणि कधी कधी नाहीच निघत. नाही निघाली तर मी दुसरी आणून देतो." तो हे चांगल्या मनानेच म्हणाला, पण बाईंना ते लागलं. दुसरी अंडी आणता येतील. पण गिरणीवाल्याची मुलगी जन्मभर म्हणेल की मी आनंदाने ओरडले आणि पिल्लं मेली. आणि ते खोटं तिच्या डोक्यात बाईंनी घातलं होतं, स्वतःचा घसा वाचवायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा आईचं बोट धरून आली. तिच्या तोंडावर चिकटपट्टी होती. या कानापासून त्या कानापर्यंत, नीट कापून लावलेली.

"स्वतःच लावली," आई म्हणाली. "जेवायला काढते आणि परत लावते. बाई, आम्हाला नको ही शिस्त. आमची पोर मोठ्यांदा बोलायची तेच बरं होतं हो."

भोंगा वर्गात यायलाच तयार होईना. उंबऱ्याबाहेर व्हरांड्यात उभी राहून ती लांबूनच खोक्याकडे बघत होती. बाई गेल्या आणि तिच्यासमोर गुडघे टेकून बसल्या. "अगं, ते खोटं होतं," त्या कुजबुजल्या. "आवाजानं अंड्यांना काही होत नाही. तुम्ही गप्प बसावं म्हणून मी सांगितलं होतं. तुझी काहीच चूक नाही, बाळा."

भोंग्याने मान हलवली. नाही. वर्गातली पोरं दाराशी जमली होती. चष्मेवाली समजूतदारपणे कुजबुजली, "बाई, तिला बरं वाटावं म्हणून सांगताय ना?"

"नाही गं, खरंच सांगतेय."

"मग तुम्ही एवढं हळू का बोलताय?"

आवाजाने काही होत नाही, असं कुजबुजत सांगणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवेल? बाईंनी घशाला हात लावला. "यापुढे एकदा जरी," डॉक्टर म्हणाला होता. त्यांनी खोक्याकडे पाहिलं. आतून काही हालचाल नव्हती. मनात म्हणाल्या, निघाली तर उत्तम. नाही निघाली तर तोफबाईच्या ओरडण्याने मेली म्हणतील. म्हणू देत. या पोरीच्या माथी तरी येणार नाही. त्यांना भीती वाटत होती. पण त्या उठल्या, वर्गात शिरल्या, थेट खोक्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडल्या.

काय ओरडावं हे काही ठरवलं नव्हतं. आयुष्यभर एकच गोष्ट ओरडायची सवय.

"गप्प बसाऽऽऽ!"

शाळेत चिटपाखरू आवाज करत नव्हतं, मूग भिजले होते, गोगलगाय हरवलेली होती, पिल्लं कवचाच्या आत होती, आणि त्या सगळ्यांना बाईंनी गप्प बसायला सांगितलं. असा आवाज त्या शाळेने पूर्वी कधी ऐकला नव्हता. रस्त्यापलीकडे न्हाव्याने वस्तरा उचलला. मामांनी जुन्या सवयीने फडकं ओढून काढलं आणि टोल बडव बडव बडवला. मुख्याध्यापक मोज्यांवरच धावत निघाले आणि घसरत घसरत आपल्या खोलीवरून पुढे निघून गेले.

आणि मग शाळा फुटली. एवढे दिवस दाबून ठेवलेला सगळा गोंगाट एकदम बाहेर पडला. पहिली किंचाळली, दुसरी पाय आपटायला लागली, चौथीने बाकं बडवली. खेळाचे सर मैदानात एकटेच उभे राहून शिट्टी वाजवत होते, आणि संघ नसताना त्यांनी दोनदा गोलही दिला. तपासणीस त्या दिवशी आले नाहीत, हे सगळ्यांचं नशीब.

त्या गोंधळात भोंगा कधी आत आली ते कुणाला कळलं नाही. ती खोक्याच्या काचेला नाक लावून उभी होती. एक अंडं, फुलीची बाजू वर असलेलं, त्या फुलीच्या बरोबर मधोमध तडकलं होतं. फटीतून इवलंसं टोक बाहेर आलं, आत गेलं, परत बाहेर आलं. भोंगा आधी चिकटपट्टीच्या आतूनच "ऊं! ऊं!" करायला लागली. मग तिने पट्टी टराटरा ओढून काढली.

"बाईऽऽ, फुटलंऽऽऽ! आतून कुणीतरी बोलतंयऽऽऽ!"

अंडं थांबलं नाही. ती ओरडत राहिली आणि ते फुटत राहिलं. ओलं, चिकट, अतिशय कुरूप असं एक पिल्लू बाहेर येऊन "चूक"च्या टरफलावर बसलं. चष्मेवालीने ते टरफल हळूच उलटं केलं. बाई हसल्या, रडल्या, आणि काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. परत म्हणून पाहिलं. हवाच.

अंडीवाल्याने नंतर सांगितलं की पिल्लं तशीही निघणारच होती. मामा रविवारी अंडी उलटायला यायचे आणि जाताना सवयीने शाळेची सगळी वीज बंद करून जात, त्यामुळे अंडी गार पडायची आणि म्हणून उशीर झाला. पण हे ऐकतो कोण? बाई ओरडल्या म्हणून पिल्लं घाबरून बाहेर आली, असं तिसरीचं ठाम मत झालं. एक खूळ गेलं आणि दुसरं आलं. बाईंनी ते दुरुस्त करायला जावं, तर आवाज कुठे होता? डॉक्टरने आरसा घालून पाहिलं, आरसा खाली ठेवला. खुर्चीमागे हाताची घडी घालून उभा राहिला.

बाईंना वाटलं होतं, आता आपण कपाट झालो. पण दुसऱ्या दिवशी हजेरीला त्या पुटपुटल्या, आणि भोंगा टेबलाशेजारी येऊन उभी राहिली. "मला सांगा बाई, मी सांगते," ती म्हणाली. बाई तिच्या कानात कुजबुजल्या, आणि तिने हजेरी घेतली. दुसरीची पोरंही "हजर" म्हणाली. स्वतःचा नंबर आला तेव्हा तिने बाईंच्या सुरात तो पुकारला, पळत आपल्या बाकावर गेली, "हजर, बाई!" म्हणाली आणि पळत परत आली. मग पाढे झाले, धडे झाले. बाई वाक्य कानात सांगायच्या आणि ती खणखणीत आवाजात वर्गाला ऐकवायची. रागवायची वेळ आली की तिची पंचाईत व्हायची. "बाई म्हणतात तू गाढव आहेस," ती ओरडायची, आणि पुढे आपल्या मनाचं जोडायची, "पण मला नाही वाटत!"

पिल्लं भुशाच्या खोक्यात वाढू लागली. गिरणीतली कणी त्यांना मिळायची, बाटलीच्या झाकणातून पाणी मिळायचं. भोंग्याच्या आवाजातच डोळे उघडलेली पिल्लं ती. भोंगा बोलली की सगळी लोटत तिच्या पायाशी यायची आणि बाकीचे हळू बोलले तर ढुंकून बघायची नाहीत. संध्याकाळी भोंगा बाईंच्या घरी जायची. बाई काय म्हणतात ते तिने ताईंना पहिल्यांदा ऐकवलं, तेव्हा ताईंचा रुसवा एका वाक्यात गेला. "बघ," ताई बाईंना म्हणाल्या, "अशी स्पष्ट बोलत जा की!" पुढे पिल्लं मोठी झाली, फळ्याच्या कडेवर बसून खडू टोचायला लागली, तेव्हा अंडीवाला त्यांना आपल्या अंगणात घेऊन गेला. भोंगा रोज कुंपणाबाहेरून त्यांची चौकशी करायची. ती गावातही ऐकू यायची.

सत्र संपलं आणि बाईंचा निरोपाचा कार्यक्रम झाला. शाळेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर, न्हावी, अंडीवाला, बाजारातले सगळे कोबीवाले विद्यार्थी मागे दाटीवाटीने बसले होते. पुढच्या रांगेत ताई. मुख्याध्यापक करकरत आले, भाषण करून करकरत खाली बसले. मग बाई उठल्या. शेजारी स्टुलावर भोंगा उभी राहिली. मामांनी आधीच माईकची वायर काढून ठेवली होती.

बाई कुजबुजल्या, भोंगा बोलली. सगळ्यांचे आभार मानले. बाजारात पिशव्या लपवायचं आता सोडा म्हणून सांगितलं. मग बाई काहीतरी बोलल्या आणि भोंग्याने वळून त्यांच्याकडे पाहिलं. "हेपण सांगू?" तिने विचारलं, ते अर्थात सगळ्या हॉलला ऐकू गेलं. बाईंनी मान डोलावली.

"अंड्यांना ऐकू येतं, आवाजानं पिल्लं बाहेर येत नाहीत, हे मी खोटं सांगितलं होतं!" भोंगा ओरडली. "त्यामुळे एका मुलीला फार त्रास झाला! माझं चुकलं!"

मामांनी टोलाच्या फडक्याने डोळे पुसले. बाई पुन्हा वाकल्या आणि या वेळी थोडं जास्त वेळ बोलल्या. भोंगा ऐकत होती. तिचे कान लाल झाले. तिने समोर पाहिलं, मग आपल्या पायांकडे पाहिलं, आणि काहीतरी पुटपुटली. जन्मात पहिल्यांदा तिला हळू बोलणं जमलं. पहिल्या रांगेतसुद्धा काही पोचलं नाही.

"काय म्हणाली?" ताईंनी कानामागे हात धरला. "मला ऐकू आलं नाही!" हे वाक्य ताईंच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"मोठ्यांदा बोल, बाळा!" मागून गिरणीवाला ओरडला. मग न्हावी म्हणाला, मोठ्यांदा! डॉक्टर म्हणाला, मोठ्यांदा! आणि सगळा हॉल एका सुरात म्हणायला लागला, "मोठ्यांदा! मोठ्यांदा!"

भोंग्याने मान वर केली. हे लोक आपल्यालाच म्हणताहेत ना, याची तिने एकदा बाईंकडे बघून खात्री करून घेतली. मग छाती भरून श्वास घेतला.

"बाई म्हणतात, माझा आवाज गेला त्याचं मला काही वाटत नाही! हिचा राहिलाऽऽऽ!"

काचा थरथरल्या. मागच्या रांगांतली सगळी टक्कल पडलेली माणसं खाडकन उठून ताठ उभी राहिली. ताई शेजारणीला म्हणाल्या, "आता आलं ऐकू."